माळावर जास्त जीव की एनए प्लॉटवर? आमच्या मोजणीनं पेच टाकलाय

कुसळी (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, सांभाळून घ्या.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. यंदा अकरावीच्या बारा मुलांना घेऊन एक छोटी मोजणी केली. कोल्हापूरजवळ पाचगावच्या पलीकडं अजून माळाचा एक तुकडा शिल्लक आहे. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत. त्याला लागूनच एनए (बिगरशेती) झालेली जमीन आहे. जेसीबी फिरवून रस्ते काढलेत, हद्दीचे दगड रोवलेत, घरं मात्र अजून दोनच. मधे फक्त एक चर. म्हणजे पाऊस तोच, खालचा खडक तोच; एका बाजूला माणसाचा हात फिरलाय, दुसऱ्या बाजूला नाही.

प्लास्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली. दोन्हीकडं आठ-आठ ठिकाणी टाकली आणि आत जे जे उगवलंय ते लिहून काढलं. सकाळी साडेसहा ते सात एका जागी उभं राहून पक्षी टिपले. दगड उचलून खालचे किडे पाहिले आणि दगड होता तसा परत ठेवला. परत ठेवायचं हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलं.

निकाल असा: वनस्पतींच्या जाती प्लॉटवर माळापेक्षा चारनं जास्त. पक्ष्यांच्या जाती दोन्हीकडं सारख्याच. यादी फळ्यावर लिहिल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग माळ मोडल्यानं वाढच झाली की. वाचवायचा कशाला?"

प्रश्न प्रामाणिक होता. मला आतून ठाऊक आहे की उत्तर 'नाही' आहे, पण आकडे तिच्या बाजूनं बोलतायत. सोमवारी तास आहे. तुम्ही कसं समजावाल?

तांबडा_पांढरा (शनिवार, रात्री ९:५२)

ताई, यादीच टाका की. आणि नेमका कुठला माळ? गुगलचं लोकेशन द्या, रविवारी सकाळी येतो कॅमेरा घेऊन.

कुसळी (शनिवार, रात्री १०:१५)

लोकेशन खाली दिलंय, फोटोही जोडलेत. जरूर या.

माळ: कुसळी, मारवेल, पवन्या, डोंगरी गवत, नभाळी, विष्णुक्रांत, मुसळी, कवला, तरवडाची झुडपं, आणि नाव न सापडलेली एक. पक्षी: चंडोल, डोंबारी, माळटिटवी, तितर, खाटीक, कापशी घार.

प्लॉट: गाजरगवत (भरपूर), टाकळा, एकदांडी, रानतुळस, आघाडा, काटेमाठ, हरळी, लव्हाळा, धोत्रा, एरंड, सुबाभळीची रोपटी, कुणाच्या तरी बागेतून सुटलेला पिवळा कॉसमॉस, आणि चराच्या कडेला थोडी मारवेल, कुसळी. पक्षी: साळुंकी, चिमणी, पारवा, कावळा, गायबगळा, साधी टिटवी.

बिंदू_चौक (शनिवार, रात्री १०:२१)

उत्तर तुमच्या यादीतच आहे. प्लॉटवरचे सहाच्या सहा पक्षी मला घराच्या गॅलरीतून दिसतात. माळावरच्या सहांपैकी एकही नाही.

उसाचा_पट्टा (शनिवार, रात्री १०:४८)

मॅडम, मी शिरोळ तालुक्यातला. राग मानू नका, पण माळ-माळ करणाऱ्यांनी माळावर पोट भरून बघितलेलं नसतं. आमच्या आज्ज्याच्या वाट्याला पाच एकर माळ होता. ज्वारी पेरली तर पोतं निघायचं, नाहीतर नाही. वडलांनी पाण्याची पाइपलाइन आणली, ऊस केला, त्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. त्या जमिनीवर आधी काय उगवत होतं ते आज्जा सांगायचा, ते मलाही आठवतंय. म्हणून ऊस करायला नको होता, असं मी म्हणणार नाही.

जीव मोजायचे तर उसातपण मोजा. कोल्हा हाय, मुंगूस हाय, रानमांजर हाय, धामण हाय, भारद्वाज तर रोज बांधावर असतो.

लालमाती (शनिवार, रात्री ११:३०)

कुसळी ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न परिसरशास्त्राच्या मुळालाच हात घालतो. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: जातींची संख्या आणि विविधता या दोन वेगळ्या गोष्टी. समजा दोन चौकटी आहेत, दोन्हीत शंभर-शंभर झाडं, दोन्हीत दहा-दहा जाती. पहिलीत प्रत्येक जातीची दहा झाडं. दुसरीत गाजरगवताची ९१ आणि बाकी नऊ जातींचं प्रत्येकी एक. यादी केली तर दोन्ही सारख्याच. पण शॅननचा निर्देशांक काढा, म्हणजे जाती किती आणि त्या किती समप्रमाणात आहेत याचं माप. पहिलीचा येतो २.३०, दुसरीचा ०.५०. दुसऱ्या चौकटीत डोळे मिटून हात घातला तर दहातल्या नऊ वेळा गाजरगवतच हाताला लागणार. तुम्ही चौकटीत नुसती नावं लिहिलीत की झाडंही मोजलीत?

दुसरी: थोड्या उलथापालथीनं यादी वाढते, हे नवीन नाही. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञानं १९७८ मध्ये मांडलं की त्रास अजिबात नसेल तर एकदोन दांडग्या जाती बाकीच्यांना दाबतात, फार असेल तर कुणीच टिकत नाही, आणि मधल्या टप्प्यात सगळ्यात जास्त जाती सापडतात. त्याचा विचार प्रवाळ आणि पावसाळी जंगलं पाहून आला. सगळीकडं तो लागू पडतो असं नाही. पण तुमच्या प्लॉटवर अजून चराकडची जुनी गवतं तग धरून आहेत आणि वर नवी तणं आली आहेत. दोघांची बेरीज म्हणून चार जास्त. हा मधला काळ आहे. पाच वर्षांनी पुन्हा चौकट टाका.

तिसरी, बिंदू_चौक म्हणाले तीच: कोण आहे ते पाहा. उकरलेल्या मातीत येणारी मंडळी जगभर तीच. गाजरगवत, एकदांडी, कॉसमॉस, सुबाभूळ, चारही मूळची अमेरिका खंडातली. गाजरगवताची आपल्याकडची नोंद १९५५-५६ च्या सुमाराची, पुण्यातली. एका झाडाला हजारो बिया, आणि मुळापानांतून असं रसायन सोडतं की शेजारचं बी रुजायला कचरतं. मात्र दाट विणलेल्या गवतात त्याला शिरायला जागा मिळत नाही. जेसीबीच्या एका फेरीनं ती मिळते.

गच्चीवरची_टिटवी (रविवार, सकाळी ७:०५)

दोन टिटव्यांवर लिहायला माझा हक्कच आहे, नाव बघा.

साधी टिटवी, लाल गलोल (डोळ्यांपुढचा मांसल पदर) आणि लाल चोच असलेली, आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर वाळूत अंडी घालते. गेल्या उन्हाळ्यात वॉचमनमामांनी आजूबाजूला विटा लावून गच्चीचं दार महिनाभर बंद ठेवलं. पाण्याची टाकी बघायला जाणारा माणूस डोक्यावर छत्री धरून जायचा, एवढी ती अंगावर यायची. पिल्लं सुखरूप उतरली.

माळटिटवीचं तसं नाही. तिच्या डोळ्यांपुढचे गलोल पिवळे, डोक्यावर काळी टोपी, पाय पिवळे. तिला कोरडी उघडी जमीनच लागते. मार्च ते मे या काळात मातीतल्या साध्या खळग्यात अंडी. मी एकदा तिच्या चार अंड्यांपासून दोन हातांवर उभी होते आणि मला ती दिसत नव्हती. मुरमाचेच खडे, तसेच ठिपके. ती समोर दहा-पंधरा पावलांवर जाऊन खोटंखोटं अंडी उबवायला बसली, मला फसवून तिकडं न्यायला. मी वळून गेले तेव्हाच ती परत आली.

सोमवारी मुलांना या दोन टिटव्या शेजारी-शेजारी दाखवा. एकीला आपली गच्चीपण चालते. दुसरीला माळच पाहिजे.

शेंडा_पार्क_काका (रविवार, सकाळी ८:३०)

नमस्कार. मी निवृत्त आहे. गेली नऊ वर्षं दर रविवारी आमचा गट उघड्या माळांवर झाडं लावतो. आजही खड्डे खणूनच आलोय. वरची चर्चा वाचली. एक प्रश्न मनात आला: उघडा माळ तसाच ठेवा असं तुम्ही म्हणता, मग आम्ही लावलेल्या वडा-पिंपळांनी काय वाईट केलं? विद्यापीठाचा परिसर बघा. १९६२ मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा तो निव्वळ माळ होता. आज तिथं झाडी आहे, मोर आहेत. हे वाढ नाही का?

लालमाती (रविवार, सकाळी ९:१०)

काका, तुमच्या घामाबद्दल आदर आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, ओढ्याकाठी झाड लावलंत तर सावली मिळते, पाखरं येतात. पण जित्या माळावर झाड लावणं हीसुद्धा उलथापालथच. डोंबारी आणि माळटिटवी झाडाजवळ घरटं करत नाहीत. झाडावर कावळा बसतो आणि त्याला तिथून अंडी दिसतात. गवताला पूर्ण ऊन लागतं. सावलीत मारवेल, पवन्या मागे पडतात आणि सावलीत चालणारं तण पुढं येतं.

आपल्या डोक्यात 'झाड म्हणजे निसर्ग आणि गवत म्हणजे रिकामी जागा' हे बसलंय ते काही आपोआप बसलेलं नाही. सातबारावर पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक. माळाचा बराचसा जीव जमिनीखाली असतो. बारमाही गवताची मुळं खोल जातात, कंद आठ महिने मातीत झोपतात. मे महिन्यात माळ बघून 'इथं काय नाही' म्हणणं म्हणजे झोपलेल्या घराला ओसाड म्हणणं.

तांबडा_पांढरा (रविवार, सकाळी ११:४०)

जाऊन आलो ताई! डोंबारी मिळाला. नर हवेत सरळ वर जातो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीजवळ आल्यावर परत वर. डोंबाऱ्याचा खेळच. नाव ठेवणाऱ्याला सलाम.

पॅन्टला कुसळं किती लागली विचारू नका. आईनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

कुसळी (रविवार, दुपारी १२:२०)

ती कुसळं टाकून देऊ नका! एक तळहातावर घ्या आणि बोटानं पाण्याचा एक थेंब सोडा. पिळलेली काळी शेपटी हळूहळू उलगडायला लागते आणि अख्खं कुसळ घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. वाळलं की परत पीळ बसतो. टोकाला सुईसारखं बी, त्यावर मागं वळलेले केस. दवानं ओलं, उन्हानं कोरडं, असं रोज फिरत फिरत ते स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. वर्गात हे करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही पुढं आली.

@लालमाती, झाडं मोजली नव्हती. नावंच लिहिली होती. सगळा घोटाळा तिथंच आहे, आत्ता कळतंय.

वाघूर (रविवार, दुपारी २:१५)

मी पट्टणकोडोलीकडचा. आमचे चुलते अजून मेंढरं घेऊन फिरतात. कुसळीचं निघालंय म्हणून लिहितो.

कुसळी कवळी असताना मेंढरं चांगली खातात. कुसळ धरलं की चुलते तो माळ सोडतात. कुसळ लोकरीतून कातड्यात शिरतं, तोंडाला जखमा होतात. म्हणजे गवत बी धरतं तेव्हा मेंढरं तिथं नसतात. परत पाऊस पडला की यायचं. कळप एका जागी बसून राहिला तर माळ बोडका होतो, हलत राहिला तर होत नाही. दिवाळीनंतर रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत, आम्हाला धान्य नाहीतर पैसे. रात्री भोवतीनं वाघूर (जाळीचं कुंपण) लावायची. हे सगळं चक्र माळावर चालतं.

आता माळ तुटक झालेत. इथं प्लॉट, तिथं एमआयडीसी, मधे तारेचं कुंपण. दहा दिवसाची चराई दोन दिवसात संपते, मग उरलेल्या तुकड्यावर बोजा येतो. मग लोक म्हणतात धनगराच्या मेंढरांनी माळ संपवला.

तुमच्या मोजणीत लांडगा, खोकड धरा. चुलते सांगतात, लांडगा दिसणं कमी झालं, कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या. लांडगा एक कोकरू उचलतो. कुत्री दहा फाडून टाकतात, खात पण नाहीत.

उसाचा_पट्टा (रविवार, दुपारी ३:००)

वाघूरभाऊ, आमच्या रानात दरवर्षी मेंढरं बसतात. त्या वर्षीचा ऊस वेगळाच असतो.

आणि लालमाती सरांनी 'कोण आहे ते पाहा' सांगितलेलं पटलं, मी उसातले प्राणी सांगितले ते सगळे गावात पण सापडतात. एक मात्र माझ्या हातात आहे ते सांगतो. आमचा बांध आधी हातभर रुंद होता, त्यावर मारवेल, बोर, हिवर. ट्रॅक्टर वळायला म्हणून दरवर्षी कातरत गेला, उरलेल्यावर तणनाशक. दोन वर्षं झाली, एका बाजूच्या बांधावर मी फवारणी बंद केली. मारवेल परत आली. म्हशीला कापून घालतो. गेल्या पावसाळ्यात लाव्याची पिल्लं दिसली.

गगनबावडेकर (रविवार, संध्याकाळी ५:३०)

'माळ' हा एकच शब्द धरून बोलू नका. आपला जिल्हा केवढा उतरता आहे! गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळात पाचशेच्या आसपास. पूर्वेला माळ, पश्चिमेला सडा. आमच्याकडचा सडा म्हणजे जांभा दगडाचं सपाट पठार, वर बोटभर माती. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार बघा. झाड नाही म्हणून लोक उघडं म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गुडघे टेकून बसा. गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांची निळी फुलं. ही सीतेची आसवं बारीक फुग्यांत पाण्यातले जीव पकडून खातात, कारण दगडावरच्या मातीत नत्र नाही. एवढ्या हलाखीत जगायला शिकलेली वनस्पती दुसरीकडं नेऊन लावता येत नाही.

सड्याचा त्रासही वेगळा. तुमच्याकडं प्लॉट, आमच्याकडं बॉक्साइट. जांभ्याखालचं बॉक्साइट काढायला वरचा थर उचलतात. खाण संपली की माती पसरून झाडं लावतात आणि हिरवं झालं म्हणतात. हिरवं होतं, पण सडा परत येत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यात कास आणि आपलं राधानगरीही आहे. यादीबाहेर राहिलेल्या सड्यांवर मात्र जीप फिरवून रील काढतात. टायरच्या चाकोरीत वर्षभर काही उगवत नाही.

शाहूपुरी_सहावी (रविवार, संध्याकाळी ६:१०)

थोडं अवांतर. आपल्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, आफ्रिकेतूनसुद्धा आणलेले. बैलगाडीत बसवून न्यायचे, डोळ्यांवरची टोपी काढून काळविटावर सोडायचे. आमच्या आजोबांनी लहानपणी पाहिलेलं.

मुद्दा असा की चित्ता झाडीत पळत नाही. चित्ता, काळवीट, त्यांच्यासाठी लागणारं उघडं रान, हे सगळं इथं होतं. देशातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. काळवीट बघायला आता कोल्हापूरकरानं दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं.

चाळकेवाडी_रिटर्न (रविवार, रात्री ८:४५)

प्राण्यांच्या आकड्यांबद्दल एक खरं उदाहरण सांगतो. तुमच्या विद्यार्थिनीला ते आवडेल.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथं सुपर्बा सरडा राहतो. विणीच्या दिवसात नर गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून दगडावर उभा राहतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांची नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली, तेव्हा तिचं शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवलं, आपला मराठी शब्द.

मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि त्यांच्याशिवायचा भाग, अशी तुलना केली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांजवळ सरडे जास्त निघाले! नुसता आकडा बघणारा म्हणेल, बरं झालं. पण कारण बघा. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. चक्क्यांजवळ पक्षी कमी, म्हणून सरड्यांना भय कमी. माणूस पार जवळ आला तरी पळत नव्हते. गर्दीत खाण्याची ओढाताण, त्यामुळं अंगानं कृश, आणि गळ्याचा रंगही फिका. अन्नसाखळीतला एक सोपान काढून घेतला की खालचे सगळे हलतात. हे यादीत दिसत नाही.

गच्चीवरची_टिटवी (रविवार, रात्री ९:०५)

वा! याच कारणानं हिवाळ्यात भोवत्या (पाहुणे शिकारी पक्षी) बघायला हव्यात ताई. मध्य आशियातून येतात, दिवसभर गवतावरून खाली खाली उडत नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर नाही, गवतातच जमिनीवर झोपतात. नाकतोडे नाहीत तर भोवत्या नाहीत. तुमच्या सकाळच्या अर्ध्या तासाला त्या सप्टेंबरात दिसणारच नाहीत. डिसेंबरात पुन्हा मोजा.

कासव_चाल (रविवार, रात्री ९:३०)

सगळं बिघडलेलं म्हणजे वाईटच, असं मात्र मुलांना सांगू नका. दगडाच्या जुन्या खणी बघा. खुद्द रंकाळा मुळात खणच होती असं सांगतात. पाणी साठलं, कडा तुटक्या राहिल्या, की खंड्या बिळं करतो, बदकं उतरतात. बिघाडाचेही प्रकार आहेत: एकदा उकरून सोडलेली जमीन, दरवर्षी जाळली जाणारी, रोज तुडवली जाणारी. तिन्हींवर वेगळी मंडळी येतात. तुमची तुलना 'माळ विरुद्ध उकरलेला माळ' अशी आहे, असंच नाव द्या.

कुसळी (रविवार, रात्री १०:१०)

कासव_चाल, बरोबर. शीर्षक बदलते. मुलांना उद्या सांगेन की आपण विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

शेंडा_पार्क_काका (सोमवार, सकाळी ६:५०)

रात्रभर विचार करत होतो. आज फिरायला जाताना आमच्या तीन वर्षांपूर्वीच्या खड्ड्यांकडं मुद्दाम थांबून पाहिलं. रोपांपैकी बरीच जळाली. पण प्रत्येक खड्ड्याभोवती, काढलेल्या मातीच्या कड्यावर, गाजरगवताचं गोल रिंगण आहे. मधल्या न खणलेल्या जागेत नाही. एवढी वर्षं मी ते उपटत होतो, आणि ते नेमकं तिथंच का येतं हे कधी मनात आलं नाही.

झाडं लावायची मी थांबणार नाही. पण पुढच्या रविवारचे खड्डे माळावर नाही, ओढ्याच्या कडेला काढू असं गटात मांडणार आहे. सगळे ऐकतील असं नाही.

लालमाती (सोमवार, सकाळी ७:२०)

काका, फोटो टाकाल? यापेक्षा चांगली चौकट कुणी टाकली नसती.

कुसळी (गुरुवार, संध्याकाळी ७:३०)

सोमवारचा तास झाला, आणि काल परत माळावर गेलो. या वेळी चौकटीतलं प्रत्येक झाड मोजलं. प्लॉटवरच्या आठपैकी सहा चौकटींत निम्म्याहून जास्त झाडं एकट्या गाजरगवताची. माळावर एकाही चौकटीत कुठल्याच जातीनं एवढी जागा धरलेली नाही.

मग मुलांनी यादीला एक रकाना जोडला: 'हे माझ्या गल्लीत दिसतं का?' प्लॉटच्या यादीत चराकडची मारवेल आणि कुसळी सोडून सगळीकडं बरोबरच्या खुणा पडल्या. माळाच्या यादीत मोजक्याच. प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ त्या मोकळ्या रकान्याकडं बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, हे जिथं राहतात तिथनं काढलं तर जातील कुठं?" मी काही बोलले नाही. वर्गही काही बोलला नाही.

तिनंच एक झुडूपही नाही, वेलही नाही अशी काडी शोधली. गवताच्या आधारानं उभी, पानं अरुंद, आणि कंदिलासारखं एक फूल. खाली फुगीर, मधे नळी, वर पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या. फोटो जोडलाय. कुणी नाव सांगेल?

लालमाती (गुरुवार, संध्याकाळी ७:४१)

ताई!! कंदीलपुष्प आहे. जात फोटोवरून खात्रीनं सांगणार नाही, फूल उघडून आतले केस पाहावे लागतात, आणि एकच फूल असेल तर ते उघडू नका. त्या नळीत केस खाली वळलेले असतात. बारीक माशी आत उतरते, परत वर येऊ शकत नाही. केस सुकले की सुटते आणि परागकण घेऊन पुढच्या फुलाकडं जाते. खाली मातीत कंद आहे. आपल्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती जोपासल्यात. तिथल्या अभ्यासकांना फोटो दाखवा.

पण आधी एक काम करा. शनिवारी टाकलेलं लोकेशन काढा. आणि या फोटोत मागं दोन घरं दिसतायत, तेवढा भाग कापा. कंद उपटून नेणारे लोक असे धागे वाचतात.

वाघूर (गुरुवार, संध्याकाळी ७:५५)

ह्याचा कंद आम्ही लहानपणी उकरून खाल्लाय. गोड लागायचा. चुलत्यांना फोटो दाखवला, म्हणाले, अजून हाय होय तिथं?

तांबडा_पांढरा (गुरुवार, रात्री ८:०२)

माझ्या रविवारच्या फोटोंतलं लोकेशन पण काढलं. अल्बम बंद केला.

कुसळी (गुरुवार, रात्री ८:१०)

लोकेशन काढलं. फोटो कापून पुन्हा टाकलाय. ती मुलगी विचारतेय, शेजारच्या चौकटीच्या कोपऱ्यात तसंच पान होतं, उद्या कॉलेजआधी जाऊन बघू का. सव्वासहाला निघतोय.